रोझेर पेलकेच्या दोन टोप्या

रोझेर पेलके सामन्याला निघाला की त्याच्या डोक्यावर दोन टोप्या असत. आतली लोकरीची, तांबडी, कसर लागलेली. तिच्यावर फरची, उंची, कागदाच्या गिरणीतून निवृत्त होताना सोबत्यांनी दिलेली. वरची थंडीसाठी आणि आतली फेकण्यासाठी.

सेंत-रोझमोंड गावात याचं कुणालाच नवल नव्हतं. एकाच गड्यानं एका सामन्यात तिसरा गोल मारला की डोक्यावरची टोपी मैदानातल्या बर्फावर भिरकावायची, ही आइस हॉकीची जुनी रीत. पण त्यासाठी आधी कुणीतरी तीन गोल मारायला हवेत ना! गावच्या टीमचं नाव 'पाणमांजरं'. पगार घेऊन खेळणारी टीम आहे बरं का. हे मुद्दाम सांगावं लागतं, कारण खेळ बघून तसं वाटत नाही. सगळ्यांनी मिळून तीन गोल करायची मारामार, तिथे एकट्यानं कुठले करायचे! रोझेरची तांबडी टोपी वर्षानुवर्षं डोक्यावर जायची आणि डोक्यावरच घरी यायची.

"फेकायचीच तर कचऱ्यात फेक मेल्या," शेजारच्या खुर्चीवरून त्याची बहीण गिलेन म्हणायची. टोपी तिनंच विणलेली. "लाज वाटते मला तुझ्याशेजारी बसायची."

"फेकीन की. आपल्या टीममधल्या कुणाच्या तिसऱ्या गोलाला."

"म्हणजे मी मेल्यावर!"

यंदा मात्र रोझेरला घाई होती. घर विकलं गेलं होतं. मोंट्रियालला मुलीनं त्याच्यासाठी खोली लावून ठेवली होती, आणि बर्फ वितळला की त्याला जायचं होतं. टोपी फेकायची तर याच हंगामात, नाहीतर मग राहिलीच.

आता खरं सांगायचं तर दोष खेळाडूंचा नव्हताच. दोष ऑफिसचा! टीमचे मालक मस्यू लाँक्तो, यांची गाद्यांची दुकानं. त्यांनी सगळा कारभार सोपवला जावयावर, सिल्वाँवर. या सिल्वाँनं हौसेनं कॅलेंडर छापलं, दर महिन्याला एका खेळाडूचा फोटो, आणि नाताळापर्यंत त्यातले निम्मे गडी स्वतःच दुसऱ्या टीमांना देऊन टाकले. गर्दी वाढावी म्हणून एका सामन्याला फुकट आइस्क्रीम वाटलं. जानेवारीत! बाहेर श्वास गोठत होता आणि आत लोक हातमोजे घालून कप धरून बसले होते.

रोझेरची सगळी आशा मिलोश हुडाकवर होती. हा स्लोव्हाकियाचा, वयानं थोराड, गुडघे कुरकुरणारे, पण नेम पक्का. रोझेरच्याच घरी वरच्या मजल्यावर भाड्यानं राहायचा. सकाळी उठून न सांगता दारातलं बर्फ उपसायचा आणि मग खाली येऊन रोझेरच्या हातचं वाटाण्याचं सूप ओरपायचा. रोझेरला तो 'पेपेर' म्हणायचा, इथली पोरं आजोबांना म्हणतात तसं. दोन गोलांपर्यंत तो कितीदा तरी पोचला होता.

"धीर धर पेपेर," तो म्हणायचा. "जायच्या आधी तुझी टोपी मी उडवतोच."

आणि फेब्रुवारीत एका सकाळी मिलोश सूप न पिताच बॅगा घेऊन खाली आला. ऑफिसनं त्याला शेजारच्या गावच्या टीमला, लांडग्यांना, देऊन टाकलं होतं. रोझेर तसाच सपाता घालून ऑफिसात धडकला.

"मिलोशच्या बदल्यात कोण मिळालं रे आपल्याला?"

"कोण नाही, काका," सिल्वाँ उजळल्या तोंडानं म्हणाला. "बस मिळाली! आपली बंद पडली होती ना."

"बस गोल मारते का रे, गाढवा?"

बसही अशी, की तिचा हीटर बंद आणि दोन्ही अंगांवर भलामोठा लांडगा रंगवलेला. तो पुसायला सिल्वाँला सवड झाली नाही. पाणमांजरं उरलेला हंगाम त्या लांडग्यात बसून, कुडकुडत, गावोगाव हरायला जात राहिली.

घरचा शेवटचा सामना नेमका लांडग्यांशीच आला. मिलोशनं पहिला गोल मारला तेव्हा लोकांनी त्याला शिव्या घातल्या. दुसरा मारला तेव्हा शिव्या ऑफिसकडे वळल्या. शेवटच्या काही मिनिटांत तो कुरकुरत्या गुडघ्यांनी एकटाच पुढे आला आणि तिसराही गेला आत.

बर्फावर एकही टोपी आली नाही. मिलोशनं हात वर केले नाहीत. तो खाली मान घालून उभा राहिला, एखाद्याच्या घरात काच फोडल्यासारखा.

रोझेर उठला. गिलेननं त्याची बाही धरली.

"खाली बस! दुसऱ्यांचा गोल आहे तो. आयुष्यभर जपलीस ती काय लांडग्यांसाठी?"

रोझेरनं बाही सोडवली, डोक्याला हात घातला आणि टोपी भिरकावली. ती मैदानाभोवतीच्या काचेवरून पलीकडे गेली आणि घसरत घसरत थेट मिलोशच्या पायाशी थांबली. मिलोशनं ती उचलली, ओळखली आणि वर पाहिलं. मग तिकडच्या कोपऱ्यातून एक टोपी आली, मागून आणखी दोन आल्या, आणि बघता बघता बर्फ टोप्यांनी भरून गेला. सिल्वाँ ऑफिसच्या खिडकीत उभा राहून बघत होता. त्याला कळेना, टाळ्या वाजवाव्यात की दिवे घालवावेत.

"अरे शहाण्या!" गिलेन किंचाळली. "फरची फेकलीस! चांगली होती ती!"

"मग? चांगल्या पोराला चांगलीच द्यायची." रोझेरनं तांबडी टोपी दोन्ही हातांनी कानांवर ओढून घेतली. त्याचे डोळे गळत होते, आणि ते तो लपवत नव्हता. "ही आपल्या टीमची आहे. आपल्यातल्या कुणी अजून तिसरा मारलाय कुठे?"

गिलेननं हात लांब करून ती टोपी त्याच्या डोक्यावरून काढली आणि दिव्यासमोर धरून बघितली.

"घरी गेल्यावर भोकं बुजवून देते," ती म्हणाली. "मोंट्रियालला किती वर्षं घालावी लागेल, कुणास ठाऊक."