लाल रेघ

पोखर्णीच्या महारुद्र सरांना पालमच्या एका कॉलेजात संगणक शिकवायला लागून अठरा वर्षं झाली, आणि अठराही वर्षं ते तासिका तत्त्वावरच राहिले. दर जूनला नवी ऑर्डर, दर एप्रिलला निरोप. 'यंदा कायम होईल' असं घरी सांगायचं त्यांनी केव्हाच सोडून दिलं होतं. सांगणाऱ्यालाही शेवटी लाज असते! तरी हा माणूस रोज इस्त्रीचा शर्ट घालून एसटीतून उतरायचा.

प्रयोगशाळा कसली, तर वीस जुनाट संगणक, चाळीस पोरं आणि एकटे सर. पोरं आधी वहीत प्रोग्रॅम लिहायची, मग पाळीपाळीनं मशीनवर चढवायची. चुकलं की हात वर. सर धावत एका टेबलापाशी पोचेपर्यंत दुसरीकडे चार हात वर झालेले असत आणि तेवढ्यात तासाची घंटा होई. गेल्या वर्षी तपासणी समितीनं हे पाहिलं आणि नाक मुरडलं. वर्षभरात सुधारणा दाखवा, नाहीतर कोर्स बंद.

कोर्स बंद म्हणजे सरांचं काम बंद, हे उघडच होतं. पण त्यांचा जीव खरा तुटत होता तो वैष्णवीसाठी. दुसऱ्या वर्षाची ही पोरगी चाळिसांत हुशार. तिच्या वडिलांनी सरांना तोंडावर सांगितलं होतं, "पालमला हाय तवर शिकू द्या सर. परभणीला मी काय धाडत न्हाई. सोयरीक बघायलोत."

मग सरांनी लँग्वेज सर्व्हर बसवायचं मनावर घेतलं. म्हणजे काय, तर पोरं मशीनवर प्रोग्रॅम लिहीत असतानाच चुकलेल्या ओळीखाली लाल रेघ ओढणारा आणि पुढं काय लिहावं ते सुचवणारा प्रोग्रॅम. जुन्या मशीनना तो झेपणारा नव्हता. म्हणून एका देणगीदारानं दिलेल्या नव्या संगणकावर तो ठेवायचा, पोरांच्या फायलीही तिथंच एका फोल्डरमध्ये, आणि बाकीचे वीस संगणक वायरीनं त्याला जोडायचे. एका सरांच्या जागी वीस सर! त्या कल्पनेनंच महारुद्र सरांना हसू फुटायचं. दिवाळीच्या सुट्टीत त्यांनी घरच्या लॅपटॉपवर सगळं करून पाहिलं. झकास चाललं.

कॉलेज उघडल्यावर मात्र नुसतं बसवून टाकणं त्यांच्या मनाला पटेना. लहानपणापासून नव्या वहीच्या पहिल्या पानावर पोखर्णीच्या नरसिंहाचं, गावच्या देवाचं, नाव घातल्याशिवाय त्यांनी दुसरी ओळ लिहिली नव्हती. सिताराम शिपायानं नारळ फोडला, नव्या मशीनला हळदकुंकू लागलं. सर म्हणाले, "वैष्णवी, फोल्डरला नाव तू दे. देवाचं घाल. मराठीत." तिनं एकेक अक्षर शोधून टाइप केलं, 'श्री नरसिंह प्रसन्न'. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

आणि सर्व्हर काही चालेना. सुरू व्हायचा, क्षणभर थांबायचा, मरून पडायचा. घरी चालतं आणि इथं चालत नाही, हे घोडं कुठं पेंड खातंय ते कळेना. सरांनी वायरी बदलल्या, पोरांचं फोल्डर तेवढं ठेवून बाकी सगळं पुसून तीनदा नव्यानं बसवलं. वैष्णवी रोज मधल्या सुट्टीत डबा तसाच ठेवून शेजारी बसायची. महिनाभर जिवाचं रान केलं आणि समिती आली त्या दिवशीही पडद्यावर एक रेघ उमटली नाही. समितीतले एक गृहस्थ कुंकवाकडे बघून हसले. सरांना ते हसणं फार लागलं. फेब्रुवारीत पत्र आलं, जूनपासून कोर्स बंद.

एप्रिलमध्ये खोली रिकामी करायची होती, कारण तिथं उत्तरपत्रिकांचे गठ्ठे ठेवायचे ठरलं होतं. सरांनी पोरांच्या फायली जपून ठेवाव्यात म्हणून त्याच मशीनवर 'backup' नावाच्या नव्या फोल्डरात उतरवल्या. नीट उतरल्या की नाही बघायला वैष्णवीची एक फाईल उघडली. तिसऱ्या ओळीखाली लाल रेघ उमटली.

सर बघतच राहिले. तीच फाईल त्यांनी जुन्या फोल्डरातून उघडली. सर्व्हर मेला. नव्यातून उघडली, पुन्हा लाल रेघ. मशीन तेच, फाईल तीच, फरक फक्त फोल्डरच्या नावाचा. त्या सर्व्हरला इंग्रजीखेरीज दुसरी अक्षरं वाचताच येत नव्हती, आणि तसं त्यानं एकदाही धड सांगितलं नव्हतं. घरचं फोल्डर होतं नुसतं 'test'. तिथं नारळ फुटला नव्हता म्हणून चाललं. अठरा वर्षांत पहिल्यांदाच काहीतरी मनासारखं करायला गेलो आणि आपल्याच हातानं माती केली, असं वाटून त्यांना भडभडून आलं.

तेवढ्यात दारात वैष्णवी. दाखला न्यायला आली होती, हातावरची मेंदी अजून ताजी होती. पडदा दिसला तशी ती धावतच आत आली.

"सर, चालू झालं की हो! माझीच फाईल हाय ही. अगंबाई, तिसऱ्या ओळीत कंस राहिलाय माझा!" तिनं हसत हसत कंस भरला. रेघ गेली. तिनं कंस पुसला, पुन्हा भरला. मग तिचं हसू मावळलं. "काय चुकलं होतं, सर?"

सरांनी माउस हळूच सरकवून जुनं फोल्डर पडद्यावरून बाजूला केलं.

"वायर," ते म्हणाले. "मागची वायर ढिली होती."

"असं व्हय," ती म्हणाली आणि तिनं मोठा श्वास सोडला. "मी तर लय भ्यायले होते. वाटलं, नाव घालताना माझ्याच हातून कायतरी इपरीत झालं."

"नाही गं बाई. तुझं काही चुकलं नाही."

तिनं वाकून नमस्कार केला आणि दाखला घेऊन एसटी गाठायला निघून गेली. सिताराम गठ्ठ्यांचा हातगाडा घेऊन दारात थांबला होता. सरांनी मशीन बंद केलं आणि त्याला आत बोलावलं.