मिलिंददादाचा तिसरा गिअर

मिलिंददादाच्या हॉलमध्ये, टीव्ही आणि सोफा यांच्या बरोबर मधे, स्पोर्ट्स कारचा गिअरबॉक्स पडला होता. खाली सतरंजी, उशाला वर्तमानपत्रांची थप्पी. धम्मदीप दारातच थबकला.

"ये, ये. लाजू नको," माया वहिनी म्हणाली. "पाहुणा आहे आमचा. जेवत नाही आणि जात नाही."

धम्मदीप शेजारच्या बिल्डिंगमधला. मराठी घेऊन एम.ए. झालेला आणि त्यानंतर मुख्यतः फॉर्म भरणारा. स्कूटरचं स्टँड लावतानाही त्याचा पाय सरकायचा. पण घरात एम.ए. झालेला माणूस आला की मिलिंददादा अजूनही उठून पंख्याचा वेग वाढवायचा. त्या एका वाऱ्यासाठी धम्मदीप तिथं रोज जायचा, हे तो कुणाला सांगत नसे.

मिलिंददादा अंबरनाथच्या एमआयडीसीत बावीस वर्षं फिटर. माणसाहून उंच गिअरबॉक्स तो उघडतो आणि मिटतो. घरी मात्र त्याचं काही नव्हतं. सोफा वहिनीनं निवडलेला, टीव्ही मुलीच्या, पायलच्या, हट्टानं आलेला, भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब. आयुष्यात स्वतःसाठी म्हणून त्यानं एकच वस्तू आणली. ती होती दोन सीटांची, लाल रंगाची, जमिनीला पोट लावून चालणारी विलायती गाडी.

उल्हासनगर कॅम्प एकमधल्या एका सेठची खिळे पाडायची मशीन त्यानं तीन रविवार खपून चालू केली होती. सेठच्या गोदामात ही गाडी आठ वर्षं पोत्यांखाली पडून होती. मुलगा परदेशी गेला, गाडी राहिली. इंजिन ठीक, पण तिसरा गिअर टिकत नव्हता. टाकला की बाहेर उडायचा.

"दादा, ये लोहा उठाओ, मेरी जगह खाली करो," सेठ मजुरीच्या बदल्यात म्हणाला होता.

मिलिंददादानं ती टोचन करून आणली आणि सोसायटीच्या पार्किंगमध्ये भिंतीला नाक लावून उभी केली. त्याला सात महिने झाले. आता बिल्डिंगला रंग लागणार होता. सेक्रेटरी कोंडाजीकाकांनी निरोप नव्हे, नोटीसच दिली होती. रविवारी सकाळी दहाला तिथं बांबू उभे राहणार. गाडी स्वतःच्या चाकांनी बाहेर जाईल, नाहीतर भंगारवाल्याच्या क्रेननं जाईल.

"नऊ दिवस आहेत," मिलिंददादा म्हणाला. "धम्मा, तू लिहायला बस."

कंपनीत यंत्र उघडताना एक जण उघडतो, एक जण लिहितो. कुठला भाग कितवा निघाला, त्याचं तोंड कुठल्या बाजूला होतं. आत मोबाइल न्यायची बंदी, म्हणून वही. बावीस वर्षांची सवय. तरी त्यानं विचारलं, "की फोटो काढतोस?"

इथं धम्मदीप हसला. मोठ्या मनानं हसला. "दादा, फोटोत निरीक्षण नसतं."

मिलिंददादाला ते पटलं. शिकलेला माणूस म्हणतोय.

मग मिलिंददादा सतरंजीवर मांडी घालून बसला. एकेक भाग काढून, रॉकेलनं पुसून, वर्तमानपत्रावर ठेवू लागला. त्याची बोटं जाड, नखांत कायमचं काळं. पण पितळी रिंग उचलताना ती बोटं अशी हळू व्हायची, की धम्मदीप लिहायचं विसरून बघत राहायचा. तिसऱ्या गिअरशी दुष्टपणा करणारी रिंग तिथंच सापडली. तिचे दाते झिजून गुळगुळीत झाले होते. तशी रिंग कुठं मिळेना. मिलिंददादानं कॅम्पातल्या एका लेथवर, कारागिराच्या बाजूला दोन संध्याकाळी उभं राहून, ती नवी घडवून घेतली.

नवी रिंग आली. बुधवारी वहिनीची बहीण येणार म्हणून दोघांनी गिअरबॉक्सचा मोकळा डबा उचलून सोफ्याच्या बाजूला फिरवला. गुरुवारपासून सगळं परत आत जाऊ लागलं. त्याच संध्याकाळी, मिलिंददादा नोटीस विसरला नाही ना हे बघायला, कोंडाजीकाका आले आणि चहाला बसले.

मिलिंददादाच्या हातात हब होता. हब म्हणजे दोन गिअरांच्या मधली दातेरी चकती. तिची एक बाजू जाड, एक बाजू बसकी. बघणाऱ्याला फरक चटकन कळू नये इतकाच.

"धम्मा, जाड बाजू शेपटीकडे, डब्याच्या मागच्या टोकाकडे ना? आमच्या कंपनीतल्या गिअरबॉक्सची शेपटीकडेच असते."

धम्मदीपनं वही उघडली. पान सापडलं. त्याच्याच अक्षरात लिहिलं होतं: 'नववी वस्तू. एक बाजू गर्वानं छाती काढून उभी, दुसरी मान खाली घालून बसलेली. हे एकाच देहातलं जुनं भांडण. गर्व स्वयंपाकघराकडे पाहतो.'

लिहिताना हे त्याला थोर वाटलं होतं. आता समोर कोंडाजीकाका बिस्कीट बुडवत होते. कान टवकारलेले. हे वाचून दाखवायचं, या विचारानं धम्मदीपच्या कानांच्या पाळ्या तापल्या. त्यानं वही मिटली.

"हो. शेपटीकडेच," तो म्हणाला.

शनिवारी सकाळी डबा बंद झाला. मिलिंददादानं हातानं शाफ्ट फिरवला, पहिला टाकला. बसला. दुसरा बसला. तिसरा टाकला. तो गेला आणि बाहेर आला. परत टाकला. परत बाहेर. चौथा तर आत जायलाच तयार नाही.

 मग मिलिंददादा सोफ्याला टेकला.

"बावीस वर्षं कंपनीनं मला फिटर म्हणून पगार दिला," तो म्हणाला. "दयाळू माणसं."

"असं काय बोलताय?" वहिनी म्हणाली.

"खरं तेच. घरचा मिक्सर दुरुस्त केला तेव्हा आठवतं ना? तो बंद व्हायचा थांबला. आपण वायर उपटून बंद करायचो." तो हसला. "भंगारवाल्याला फोन लाव. म्हण, गाडी खाली आहे, गिअरबॉक्स दुसऱ्या मजल्यावर आणि फिटर त्याच्या शेजारी. तिन्ही घेऊन जा."

तो हसत होता, पण हातातली पुसायची चिंधी त्यानं घडी घालून बाजूला ठेवली. सात महिन्यांत ती घडी धम्मदीपनं पाहिली नव्हती. 

"दादा, मी खोटं बोललो," तो म्हणाला.

"कधी?"

"गुरुवारी. वहीत शेपटीकडे असं नाहीच."

"मग काय आहे?"

धम्मदीपनं वही उघडली. घसा साफ केला. वाचलं. गर्व, छाती, मान, देह, भांडण, सगळं वाचलं. पायल आतून बाहेर आली आणि तोंडावर ओढणी धरून परत आत गेली.

मिलिंददादानं शांतपणे विचारलं, "म्हणजे जाड बाजू कुठं?"

"स्वयंपाकघराकडे."

"अरे, पण डबा आपण फिरवला की नंतर! तेव्हा डब्याचं तोंड कुठं होतं?"

ते धम्मदीपनं लिहिलं नव्हतं. पहिल्या पानावर गिअरबॉक्सच्या एकाकीपणाबद्दल अकरा ओळी होत्या. दिशा नव्हती.

"मी सांगते," वहिनी म्हणाली. ती गॅलरीच्या दाराशी गेली आणि पायानं फरशी दाखवली. तिथं ताटाएवढा तेलकट डाग होता. "आठ दिवस घासतेय हे. उघडायच्या आधी तुमच्या पाहुण्याची गळती इथं झाली. शेपटीतून गळत होतं ना? मग शेपटी गॅलरीकडे. तोंड माझ्या ओट्याकडे."

मिलिंददादा उभा राहिला. डागाकडे पाहिलं, ओट्याकडे पाहिलं. "गर्व तोंडाकडे," तो म्हणाला. "मी उलटा घातला."

"मी हो म्हणालो म्हणून," धम्मदीप म्हणाला.

"तू हो म्हणालास, मी कंपनीची अक्कल चालवली. दोघं सारखेच शहाणे. पाना दे."

घडी घातलेली चिंधी उलगडली. दुपारी दोनपर्यंत डबा पुन्हा उघडला, हब फिरला, डबा मिटला. तिसरा टाकला तो बसला आणि बसूनच राहिला. मिलिंददादानं शाफ्ट वीस वेळा फिरवला. मग संध्याकाळपर्यंत सोसायटीतली चार माणसं, एक जाड चादर, दोन जॅक आणि रस्त्यावर उरलेले पेव्हर ब्लॉक यांच्या आधारानं गिअरबॉक्स गाडीच्या पोटात गेला. धम्मदीपकडे टॉर्च दिला होता. तो त्यानं बहुतेक वेळ बरोबर जागी धरला.

रविवारी साडेनऊला बांबूंचा टेम्पो गेटवर उभा होता. गाडीचं नाक भिंतीला, म्हणून सुरुवातच रिव्हर्सनं. कोंडाजीकाका हाताची घडी घालून उभे. गाडी खाकरली, हलली, मागं आली. टाळ्या वाजल्या. कोंडाजीकाकांनीही दोन वाजवल्या.

सीट दोनच. धम्मदीपनं इस्त्रीचा शर्ट घातला होता. वहिनी साडी सावरत खाली वाकली, आणखी वाकली आणि आत बसली. "बदलापूरला आईकडे जाऊन येतो," ती म्हणाली. "वही आण उद्या. गर्वाचं परत ऐकायचंय मला."

लाल गाडी गेटबाहेर गेली. पहिला, दुसरा. मग वळणामुळं ऐकू येईना. धम्मदीप बांबूंच्या मधे उभा राहिला. त्या गाडीतल्या एका चकतीएवढा सुद्धा आपला उपयोग नाही, पण चकती उलटी बसवायला आपण पुरतो, असं त्याच्या मनात आलं.

वीस मिनिटांनी फोन वाजला. मागं हॉर्न, ट्रक, वहिनीचं हसणं.

"धम्मा!" मिलिंददादा ओरडत होता. "लागला रे! तिसरा! बदलापूर रोडला पूर्ण टाकला, सोडला, उडाला नाही!"

"दादा!" धम्मदीपही ओरडला. एम.ए.ची दोन वर्षं एकदम गप्प झाली.

"ऐक. आता गाडी स्पीडब्रेकरवर बसलीय. पोट टेकलंय, चाकं हवेत. कोंडाजीकाकांना घे, दोन बांबू घे आणि ये."

"कुठं आहात?"

"साधं आहे. पेट्रोल पंपाच्या पुढं. तोंड बदलापूरकडे, शेपटी अंबरनाथकडे. लिहून घे."