शनिवारी दुपारी इंग्रजांचे वाभाडे

चार मराठी माणसं जमली की किस्से होणारच. त्यात लॉकडाउन! बाहेर जाऊन ते कोणाला सांगायचीही सोय नव्हती, त्यामुळे हॉलंडमधल्या झूटरमेरच्या आमच्या घरात नुसते साठत गेले.

आमची मैत्रीण मधुरा इथेच युट्रेख्टला अठराव्या शतकातल्या इंग्रजी व्यंगचित्रांवर पीएचडी करते. समाजाचे वाभाडे काढणारी छापील चित्रं. लायब्ररी बंद पडली तशी बाई आमच्यावर घसरली. दर शनिवारी दुपारी झूमवर एक चित्र, आणि त्यातलं पाप प्रत्येकाने शोधायचं!

*

पहिलंच चित्र दारुड्यांचं. आइंडहोव्हनहून आमचा मित्र शिरीष मला म्हणाला, "वहिनी, कुत्रा सोडला तर एकही शुद्धीवर नाही!"

माझ्या नवऱ्याने, प्रकाशने, आपला ग्लास गुपचूप कॅमेऱ्याबाहेर सरकवला. मधुरा खूश. "बघा, अजून लागू पडतंय!"

*

मग डॉक्टरांचं. केसांचे मोठाले टोप घातलेले तीन डॉक्टर आपसात भांडतायत आणि पेशंट मरायला टेकलाय.

"तीन-तीन डॉक्टर घरी आले?" प्रकाश म्हणाला. "नशीबवान आहे लेकाचा! आपला इथला फॅमिली डॉक्टर, हाउसआर्ट्स, फोनवरच पॅरासिटामॉल घ्या म्हणतो."

*

तेवढ्यात शिरीषची नोकरी गेली. तीन महिन्यांत दुसरी मिळाली नाही तर इथे राहायचं परमिट गेलं, गाशा गुंडाळायचा. पण पुण्यात त्याच्या आईला कळता कामा नये, अशी त्याने आम्हाला शपथ घातली. मला हे अजिबात पटलं नाही, पण शपथ म्हणजे शपथ.

आणि पुढच्याच शनिवारी त्याची आई झूमवर हजर! शाळेतून रिटायर झालेल्या बाई, चष्मा पुसून बसल्या. चित्रात होता एक बुडीत खानदानी गृहस्थ. डोक्यावर टोप, अंगात झकास कोट, पायमोजे फाटके.

"सांगा, यात खोटं काय?" मधुराने विचारलं.

मी टोप म्हणाले, प्रकाश कोट म्हणाला. आई स्क्रीनवरचा आमचा एकेक चौकोन निरखत होत्या.

"चित्र राहू दे गं, मधुरा," आई म्हणाल्या. "शिरीष, हे सगळे नोकरीवाले टी-शर्टात नाहीतर बनियनवर बसलेत. शनिवारच्या दुपारी इस्त्रीचा शर्ट घालून तू एकटाच बसलायस."

शिरीषचा हात कॉलरकडे गेला.

"कधी गेली?"