खाली कोण बसतं?

हवालदार मशीनला हात लावला की डोळे मिटत. चालत्या बेअरिंगच्या पेटीवर तळहात टेकवायचे, मान एका बाजूला कलती करायचे आणि उभ्याउभ्याच झोपल्यासारखे दिसायचे. नव्या माणसाला वाटे, म्हातारा डुलक्या घेतोय. मग डोळे न उघडताच म्हणत, "डाव्या अंगाचा बोल्ट ढिला झालाय, बघा." जाऊन पाहिलं, की तो ढिला असेच.

साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत आमचा एक लहानसा कारखाना होता. खडी, कोळसा वाहून नेणारे मोठे पट्टे आणि ते फिरवणारी सगळी यंत्रणा आम्ही बनवत असू. हवालदार फौजेच्या वर्कशॉपमधून निवृत्त होऊन तिथे मुख्य फिटर म्हणून आलेले. गाव कवठे महांकाळच्या बाजूचं. मी सांगलीहून डिप्लोमा घेऊन आलेला, पट्ट्यांची ड्रॉइंग करणारा. वयानं ते माझ्या वडिलांएवढे, तरी मला 'सायेब' म्हणत. त्यात मान किती आणि थट्टा किती, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

त्यांच्या खिशात कायम एक पितळी पट्टी असे. तोफेच्या रिकाम्या काडतुसातून कापून, घासून गुळगुळीत केलेली. मोटर आणि गिअर बॉक्स यांचे दांडे जोडणाऱ्या कपलिंगचे दोन तुकडे एकमेकांना चिकटून चालत नाहीत, मधे थोडी फट ठेवावी लागते. ती फट मापायला कारखान्यात चांगली मापं होती. हवालदार ती वापरत, पण शेवटी आपली पट्टी फिरवून बघितल्याशिवाय त्यांचं समाधान होत नसे. "दोगांत जागा पायजे, सायेब," ते म्हणत. "मी सरहद्दीवर, मालकीण कवठ्यात. बावीस वर्सं गॅप ठेवला, म्हणून तर संसार बराबर चालला!" आणि स्वतःच इतके हसत की पट्टी हातातून पडे.

सत्तरीच्या दशकातले ते दिवस आठवले की मला आधी धूळ दिसते. जिल्ह्यात एका धरणाचं काम चालू होतं आणि तिथला एक पट्टा बनवायला आमच्याकडे आला होता. खाणीतून निघून, टेकडीच्या अंगानं चढत, काँक्रीटच्या यंत्रापर्यंत खडी नेणारा. दुपारच्या धुळीत त्याचं वरचं टोक दिसतच नसे. खडी संथपणे चढत चढत आभाळात विरून जातेय असं वाटायचं, आणि बघता बघता माझेही डोळे जड व्हायचे. पण हे नंतरचं. आधी तो पट्टा कागदावर होता, आणि त्याच्या कपलिंगा निवडण्याचं काम पहिल्यांदाच एकट्या माझ्यावर सोपवलं होतं.

मी फार मनापासून काम केलं. कॅटलॉग चाळले, हिशेब दोनदा तपासले. चढाचा पट्टा, म्हणून गिअर बॉक्स आणि वरच्या टोकाला पट्टा ओढणारा ड्रम यांच्यामध्ये चांगली दांडगी, कधी तुटणारच नाही अशी कपलिंग निवडली. भरलेला पट्टा बंद पडला तर मागे घसरू नये म्हणून अडसर लागतो, त्याला आम्ही होल्डबॅक म्हणत असू. तो मी मोटरच्या बाजूला बसवला. तिथे तो लहानसा पुरतो, बसवायलाही सोपा. ड्रॉइंगवर सही करताना माझी मान जरा ताठच झाली असावी.

हवालदारांनी कागद पाहिला आणि इथेही डोळे मिटले. जणू त्या कागदातल्या पट्ट्यावर हात ठेवून उभे होते. मग म्हणाले, "खाली कोण बसतं?"

"कुठे खाली?"

"पट्ट्याच्या खालच्या टोकाला. खाणीत."

मी म्हटलं, त्याचा कपलिंगशी काय संबंध?

त्याच आठवड्यात त्यांनी मला जागेवर नेलं. उघडीबोडकी खाण, एक झाड नाही. सांडलेली खडी गोळा करणाऱ्या बायका दुपारी भाकरीची फडकी सोडून बसल्या होत्या, आमच्या पट्ट्यासाठी नुकत्याच उभ्या केलेल्या सांगाड्याच्या सावलीत. त्यांची म्होरकी शांताबाई. मी तिला म्हटलं, "बाई, पट्टा सुरू झाल्यावर इथे बसायचं नाही." ती चटणीचं बोट चाटत म्हणाली, "आवं सायेब, मग तुमी दुसरी सावली आणून द्या की." बायका खो खो हसल्या. मी लाल झालो.

परतताना हवालदार म्हणाले, "सावली हाय तितं माणूस बसणार. त्यास्नी उठवून भागायचं न्हाई. जोर लय झाला की कायतरी तुटणारच. काय तुटावं ते आपुन ठरवायचं. तुमची कपलिंग न्हाई तुटली, तर गिअर तुटंल, न्हाईतर पट्ट्याचा जोड उकलंल. रबरी बुशाची कपलिंग घ्या. पिना तुटू द्यात तिच्या. आन् होल्डबॅक ड्रमच्याच दांड्यावर बसवा. पिना तुटल्यावर ड्रम मोकळा सुटला, तर मोटरकडचा अडसर काय कामाचा?"

ते बरोबर होतं, हे मला तिथल्या तिथे कळलं. पण कबूल करवेना. पुस्तक शिकलेला मी, आणि चूक दाखवली फिटरनं! मी गाल फुगवून गाडीत बसून राहिलो.

बऱ्याच वेळानं ते खिडकीबाहेर बघत बोलले, "डोंगरात एक बंद पडलेली गाडी वर वडत होतो. हुक लय मजबूत, मीच निवडल्याला. हुक न्हाई तुटला, त्यो ज्या पत्र्याला लावला हुता त्यो फाटला. गाडी मागं गेली. चाकाखाली दगडाची उटी लावायला सांगायची ऱ्हायली हुती. खाली माझा जोडीदार बसला हुता, बिडी वडत." मशीनला हात लावून हा माणूस डोळे का मिटतो, ते मला त्या दिवशी समजलं. मला माझ्या ताठ मानेची लाज वाटली.

मी ड्रॉइंग बदललं. ड्रमच्या दांड्यावरचा होल्डबॅक चांगलाच अवजड झाला, मालक कुरकुरले, मी हटलो नाही. पट्टा उभा राहिला. हवालदारांनी प्रत्येक कपलिंगमधून आपली पट्टी फिरवली आणि त्याच वर्षी, गुडघे साथ देईनात म्हणून, गावी गेले.

पुढच्या उन्हाळ्यात जेवणाच्या सुट्टीआधी लाइट गेली. पट्टा खडीनं काठोकाठ भरलेला, तसाच थांबला. लाइट परतताच ऑपरेटरनं घाईनं बटण दाबलं. मी खालीच होतो. वरून फाड्‌ फाड्‌ आवाज आला; पिना तुटल्या. पट्टा मागे निघाला. वीतभर आला असेल. मग ड्रमवर एक जड, बोथट आवाज झाला आणि टनावारी खडी डोक्यावर घेऊन पट्टा जागच्या जागी थांबला. खाली शांताबाई कुणाला तरी कांदा फोडून देत होती.

दुसऱ्या दिवशी तुटक्या पिना रुमालात बांधून मी कवठ्याची एसटी धरली. हवालदार ओसरीवर खाटेवर होते, फार वाळलेले. मी पिना त्यांच्या हातात दिल्या. त्यांनी मूठ मिटली, डोळे मिटले.

"खाली कोण हुतं?"

"शांताबाई आणि बाकीच्या. जेवत होत्या."

"आन् मग?"

"काही नाही. कुणी वर बघितलंसुद्धा नाही."

त्यांच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी आलं. पुसायचं भान त्यांना नव्हतं आणि मलाही ते पुसवेना. "वरबी बघितलं न्हाई," ते पुटपुटले. पुन्हा पुन्हा, स्वतःशीच. त्यांना झोप लागेपर्यंत मी बसून राहिलो. निघताना मालकीणबाईंनी पितळी पट्टी माझ्या हातात ठेवली, "तुमास्नी द्या म्हनलं हुतं," म्हणाल्या. दिवाळीच्या आत ते गेले.

त्यानंतर मी खूप कपलिंगा निवडल्या. नव्या पट्ट्याची मागणी आली की समोरचा माणूस हॉर्सपॉवर, लांबी, चढ असं भराभर सांगू लागतो. मी त्याला थांबवतो, खिशातल्या पट्टीवर अंगठा ठेवतो, आणि आधी विचारतो, खाली कोण बसतं?