ट्रेडमार्क, नथ आणि आम्ही तिघी

गेल्या महिन्यात माझी झोप उडाली, आणि कारण सांगायची लाज वाटते. मुलीला थोपटताना मी म्हणाले, "चल लाडू, डोळे मीट." तिने मीटले. माझे टक्क उघडले. हे वाक्य कोणी रजिस्टर करून ठेवलं असेल तर?

आधी धंदा सांगते, म्हणजे भीती कळेल. मी घरी बसून चित्रं काढते, खाली इंग्रजीत एखादं चटपटीत वाक्य टाकते आणि एका परदेशी वेबसाइटवर चढवते. कोणी ऑर्डर दिली की ते लोकच टी-शर्टवर, मगवर, उशीवर छापून पाठवतात. नियम एकच. चित्र किंवा वाक्य दुसऱ्याच्या मालकीचं नको. निघालं तर मेल येतो आणि डिझाईन उतरतं. असा तिसरा मेल आला की खातं कायमचं बंद.

माझे दोन आलेले आहेत.

कॉलेजातली शिकवायची नोकरी मुक्ता झाल्यावर सोडली. त्यानंतर फक्त माझं म्हणावं असं हे खातंच आहे. घरातलं गॅस कनेक्शनसुद्धा अजून सासऱ्यांच्या नावावर आहे. त्यामुळे खातं गेलं तर काय, हा विचार मी करत नाही. म्हणजे सारखा करते.

आमचा तिघींचा ग्रुप आहे. मी, कोराडीच्या कॉलनीत राहणाऱ्या नंदाताई आणि आमच्याच बिल्डिंगमधली नवी नवरी शीतल. ग्रुप डिझाईनसाठी काढला होता. आता त्यावर डिझाईन कमी आणि किस्से जास्त. भीती तिघींत वाटून घेतली की तिचे किस्सेच होतात, दुसरं काय होणार?

*

पहिला मान नंदाताईंचा. त्यांना एका परदेशी कार्टूनमधला निळा हत्ती फार आवडायचा. मी म्हणाले, "ताई, तो त्या कंपनीचा आहे. हात लावू नका."

"जसाच्या तसा नाही लावत वं," त्या म्हणाल्या. "थोडा बदलून राहिली."

बदल म्हणजे हत्तीला नऊवारी नेसवली. कपाळावर चंद्रकोर. सोंडेत नथ. हातात हिरवा चुडा. चित्र इतकं गोड झालं होतं की मी घाबरतच कौतुक केलं. आठवडा गेला नाही तोच मेल आला.

नंदाताईंना राग आला नाही, दुःख झालं. "काहून पण? आता तो त्यांचा कुठी राहिला? लग्न करून आणली पोरगी आपलीच होते ना?"

मी म्हणाले, "ताई, ट्रेडमार्कमध्ये लग्न नाही चालत."

"मंग त्यांनी आधी सांगाले पाहिजे होतं," त्या म्हणाल्या. "मी ओटीबी भरली असती."

*

भाजीवाल्याचा किस्सा छोटा आहे. दारात उभी राहून शीतल टोमॅटो दाबून बघत होती. तो म्हणाला, "भाभी, जिंदगी और टमाटर, दोनो को ज्यादा दबाके मत देखो."

आम्ही दोघींनी एकदम फोन काढले. मी ट्रेडमार्कच्या साइटवर शोधलं, शीतलने बाजारातल्या टी-शर्टांत. वाक्य मोकळं होतं, कोणाच्याही नावावर नव्हतं. तोवर तो बिचारा समजत होता की आम्ही पोलिसांना फोन करतोय.

मी त्याला सगळं समजावून सांगितलं. ज्याचं वाक्य त्याला विचारूनच वापरावं, एवढी नीती मी पाळते. त्याने शांतपणे ऐकलं, तराजू उचलला आणि म्हणाला, "लाइन ऐसे नहीं मिलेगी. दो किलो के साथ मिलेगी."

दोन्ही घरांत बरेच दिवस टोमॅटोची चटणी होती. ते वाक्य असलेला मग आजवर एकानेही घेतलेला नाही.

*

दुसऱ्या मेलनंतर मी ठरवलं, आता कोणाचं काही नको. आपलं संत्रं काढायचं. नागपूरच्या बाईने संत्रं काढलं तर कोण काय म्हणेल?

काढलं. खाली 'नागपूर' लिहिलं. मग आठवलं, नागपुरी संत्र्याच्या नावालाही कायद्याचं संरक्षण आहे म्हणतात. नाव पुसलं. मग वाटलं, देठाजवळचं ते एक पान कुठेतरी पाहिलंय. पान पुसलं. सालीवरचे ठिपके एका ज्यूसच्या डब्यावर होते, ते गेले. नारिंगी रंगही कोण्या कंपनीने आपला करून ठेवलाय असं शीतलने कुठेतरी वाचलं होतं. मी रंग फिका केला.

उरला एक फिकट गोल. मी तो ग्रुपवर टाकला आणि लिहिलं, "आता हे शंभर टक्के सेफ."

नंदाताईंचा रिप्लाय आला. "बटाटा चांगला जमला."

गंमत म्हणजे तो गोल विकला गेला. एका बाईंनी परदेशात त्याची उशी घेतली आणि खाली लिहिलं की हे चित्र बघून मन फार शांत होतं. काढताना माझं काय झालं होतं हे त्यांना कोण सांगणार?

*

संक्रांतीचं हळदीकुंकू माझ्याकडे होतं. शीतलचं पहिलंच वर्ष, सगळ्या बायका तिच्या मागे. "नाव घे, नाव घे." ती उठली, पदर नीट केला आणि गप्प उभी राहिली. मला वाटलं लाजतेय.

ती माझ्या कानाशी आली. "दीदी, मी सकाळी सहज सर्च केलं. मिहिर हे यांचं नाव एका गादीच्या कंपनीने घेऊन ठेवलंय."

"अगं, घरात घेतलेल्या नावाला काही होत नाही."

"पण त्या काकू व्हिडिओ काढून राहिल्या ना. कुठी टाकला तर?"

खरं सांगते, मी तिला वेड्यात काढायला हवं होतं. मी विचारात पडले. बायका कुजबुजू लागल्या. तिच्या सासूबाईंचा चेहरा उतरला. नव्या सुनेने नाव घेतलं नाही, म्हणजे घरात काहीतरी बिनसलंय, हे अर्ध्या बिल्डिंगने तिथेच ठरवून टाकलं. शेवटी शीतलने डोळे मिटले आणि म्हणाली,

"मगावर छापली फुलं, उशीवर पक्षी,
अहोंचं नाव रजिस्टर्ड, सगळ्या जणी साक्षी."

बायकांना वाटलं, कोर्ट मॅरेज होतं.

*

माझ्या सासूबाई उमरेडच्या विणकरांच्या घरातल्या. आता माग कोणाच्या घरी उरला नाही, पण मतं उरली आहेत. माझं एक पोह्यांच्या प्लेटचं चित्र कोणीतरी उचलून स्वतःच्या दुकानात लावलं, तेव्हा मी स्वयंपाकघरात रडकुंडीला आले होते. स्वतःचं चोरीला गेलं की मात्र मला कायदा बरोबर आठवतो.

"आमच्यात असं झालं का कोणी भांडे नाही," सासूबाई म्हणाल्या. "कोणी आपल्या लुगड्याचा काठ उचलला, तं आपण त्याच्या घरी न सांगता जेवाले जाऊन बसायचं. तो समजून जाय. गोड करून वाढे. झालं."

"आई, हा माणूस ब्राझीलमध्ये आहे."

त्यांनी भाकरी उलटली. "मंग डबा मागवून घे."

*

आणि आता मुक्ता. पाच वर्षांची आहे. मैत्रीण आर्याकडे खेळताना तिने एक प्राणी काढला होता, मांजराचं तोंड, छत्रीसारखं पोट, पाय सहा आणि मागे जिलबीसारखी गुंडाळलेली लांब शेपूट. मला वाटलं, असं काही जगात कोणाच्या मालकीचं असूच शकत नाही. चढवलं. आणि ते खपायला लागलं. माझ्या कुठल्याही चित्राला मिळाली नसेल इतकी मागणी. शेपूट मगला गोल फिरून परत मांजराच्या तोंडाशी यायची, लोकांना तेच आवडत होतं.

मग मेल आला. तिसरा इशारा नव्हता, पण त्याच्या दारातलाच होता. कोणीतरी तक्रार केली होती. चित्र तुमचंच आहे याचा पुरावा पाठवा, मूळ कागद किंवा काढतानाचा व्हिडिओ. नाहीतर खातं बंद.

मूळ कागद सासूबाईंनी चकल्यांचं तेल टिपायला घेतला होता.

मी नंदाताईंना बोलावलं. त्या कोराडीहून बस धरून आल्या, येताना चांगला स्केचपेनचा डबा घेऊन. मुक्ताला टेबलाशी बसवलं. नंदाताईंनी फोन धरला. मी तिला काहीही सुचवायचं नाही, असं ठरलं होतं, कारण व्हिडिओत आवाज येतो.

मुक्ताने तोंड काढलं, अगदी तसंच. पोट काढलं. सहा पाय मोजून काढले. नंदाताई फोनच्या मागून मला खुणेने सांगत होत्या, झालं, वाचलीस. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

मुक्ताने स्केचपेनला टोपण लावलं आणि हात बाजूला घेतले.

मी थांबले. नंदाताई थांबल्या. रेकॉर्डिंग चालू होतं.

"मुक्ता," मी शक्य तितक्या गोड आवाजात म्हणाले, "आणि शेपूट, राजा?"

तिने फोनकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"शेपूट आर्याची आहे. आमची कट्टी झाली म्हणून तिनं परत घेतली. बट्टी झाली का देते म्हणाली."