क्विंटलराव आणि दवाखान्याच्या खुर्च्या

खुर्च्या बनवणाऱ्या या गृहस्थाचं खरं नाव बाजारात कुणाला ठाऊक नव्हतं. क्विंटलराव अशी हाक आली की आधी पोट वळायचं, मग मान. शिक्षण बेताचं, तोरा मात्र भरपूर. किती भाराखाली लाकूड किती वाकतं याची पुस्तकं असतात, हे त्याने ऐकलं होतं. पण पुस्तकाला कुठे पोट असतं? खुर्ची तयार झाली की तो गिऱ्हाइकासमोर तीत बसायचा, चहा मागवायचा आणि कप रिकामा होईपर्यंत उठायचा नाही. खुर्ची कण्हली तर सांधे पुन्हा उकलायचे. गप्प राहिली तर गिऱ्हाइकाच्या हवाली.

"मला झेललं तिने, तुमचं काय घेऊन बसलात!" एवढीच हमी. कागद नाही, शिक्का नाही.

मग जिना चढताना धाप लागू लागली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "वजन उतरवा. तुमच्या हृदयाला सांधे नाहीत, उकलून परत बसवायला." बायकोने ताबडतोब सत्ता हाती घेतली. घरात उकडलेल्या भाज्यांचं राज्य आलं, आणि दुकानात तिचा भाऊ होताच. तो पॉलिशचं काम बघायचा आणि बहिणीची हेरगिरीही. वर्षभरात क्विंटलराव इतका उतरला, की पट्ट्याला भोकं पाडायला जागा उरली नाही. डॉक्टरीणबाई खूश. एवढ्या खूश, की दवाखान्यातल्या बाहेरच्या खोलीसाठी त्यांनी खुर्च्या त्यालाच करायला सांगितल्या.

त्याने जीव ओतून केल्या. सडपातळ, देखण्या. एकेकीत बसून चहा प्याला, बिनसाखरेचा. एकीनेही हूं की चूं केलं नाही.

"बघितलंस?" तो मेव्हण्याला म्हणाला. "हात बसला की असं असतं."

महिनाभरात निरोप आला, एक खुर्ची मोडली. मोडली कुणाखाली, तर दवाखान्यात नावं लिहून घेणाऱ्या पोरीखाली, जी वाऱ्यात छत्री उघडायलाही घाबरायची.

तो तावातावाने दवाखान्यात शिरला. पोरीच्या कोपराला पट्टी होती. ती बघूनही त्याचं तोंड थांबलं नाही.

"नाचली असणार ही खुर्चीवर!"

"काका, मी फाइल काढत होते."

"फाइल काढताना खुर्ची मोडते?"

"तुम्ही बसून बघितली होती ना?" डॉक्टरीणबाईंनी शांतपणे विचारलं.

"एकूण एक!"

"मग सोमवारी सगळ्या घेऊन जा. माझ्याकडे माणसं आधीच मोडलेली येतात, त्यात भर नको."

खोलीतले पेशंट दुखणं विसरून हसले. दवाखान्यातून खुर्च्या परत आल्या, हे बाजारात कळलं की दुकान संपलंच. पोरीची चूक पकडायचीच, असं ठरवून तो कोपऱ्यात हाताची घडी घालून बसला.

आणि चूक दिसली. फायलींची फळी तिच्या पाठीमागे होती. दर पेशंटला ती पायाने टेबल रेटायची, खुर्ची मागे कलंडवायची, फाइल ओढायची आणि धाडकन पुढे यायची. पुढचे दोन पाय हवेत, सगळा भार मागच्या दोघांवर. आपल्या बहुतेक संघटना याच पद्धतीवर चालतात. दर कलंडीला बैठकीची पट्टी मागच्या पायातल्या खाचेत एका बाजूने दबायची, दुसऱ्या बाजूने फाकायची. एका वेळेला काहीच नाही. दिवसभर तेच झालं, की आतलं लाकूड चेपतं, सरस सुटतो, आणि मग एक दिवस काडीसुद्धा पुरते.

"अशी बसतात होय!" म्हणत तो ताडकन उठणार, तोच त्याने आजूबाजूला बघितलं. सगळेच तसे बसले होते. कुणी भिंतीला रेलून झुलत होतं, कुणी हातावर जोर देऊन तिरकं उठत होतं. सरळ बसलेला खोलीत एकच इसम होता, तो स्वतः. जन्मभर लठ्ठ असलेला माणूस खुर्चीत धपकन अंग टाकत नाही. आधी ती चाचपतो, हात धरतो, मग पाहुण्यासारखा हळूच टेकतो. एवढी वर्षं बाजारातला सगळ्यात भित्रा पार्श्वभाग कसोटीला वापरून तो छाती फुगवून हिंडत होता!

मग जुन्या खुर्च्या कशा टिकल्या? दुकानात येऊन त्याने एक जुना पाय आणि मोडक्या खुर्चीचा नवा पाय शेजारी ठेवले. नवा बोटभर बारीक. कुणी सांगितलं नव्हतं. स्वतःला पेलेल एवढं लाकूड हाताने आपोआप घेतलं होतं. कंबर उतरली तसे खुर्च्यांचे पायही उतरले होते. याला तो हात बसणं म्हणत होता.

तो इतका हसला की मेव्हणा घाबरला.

रविवारपर्यंत त्याने दवाखान्यासाठी दुसऱ्या खुर्च्या उभ्या केल्या. मागचे पाय जाड केले, खाचा खोल घेतल्या, पायांमध्ये खाली एक आडवी पट्टी ठोकली. पण बघायचं कसं? स्वतः बसून उपयोग नाही, हे तर नक्की. पोरीला बोलावलं, तर ती लाजून पुतळ्यासारखी ताठ बसली.

"दाजी, सोपं आहे," मेव्हणा म्हणाला. "दोन महिने तूप-साखर खा. आधीसारखं..."

"काय आधीसारखं?" दारात बायको उभी होती. ती तरातरा आत आली, नव्या खुर्चीत धपकन बसली आणि तिने तोंड उघडलं. "अरे, बहिणीला विधवा करायला निघालास? आणि अहो, तुम्ही! खुर्चीसाठी मराल, पण..." प्रत्येक वाक्याला खुर्ची मागे जात होती, प्रत्येक पूर्णविरामाला पुढचे पाय फरशीवर आपटत होते.

क्विंटलराव गुडघ्यावर बसला आणि त्याने मागच्या सांध्याला कान लावला.

"मी बोलतेय आणि हे खुर्चीचं ऐकतायत!"

"थांबू नकोस. उजवीकडे जरा कुरकुरतंय."

तिचा आवाज चढला. तिने अशी मुसंडी मारली की पॉलिशचा डबा हलला. उजवा सांधा एकदा बोलला, मग गप्प झाला तो गप्पच. बाकीच्या खुर्च्या मेव्हण्याने एकेक करून बहिणीखाली सरकवल्या. ती उठायची, पुढचीत बसायची, मुद्दा मात्र सोडायची नाही. दोन खुर्च्या नापास झाल्या. त्या त्याने तिथल्या तिथे उकलून पुन्हा बसवल्या.

सोमवारी तो जुन्या खुर्च्या न्यायला नव्या घेऊनच गेला. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "या वेळी तरी नीट बसून बघितल्यात ना?"

"मी नाही," क्विंटलराव म्हणाला. "आमच्या घरी जास्त भार देणारं माणूस आहे."

डॉक्टरीणबाईंनी त्याला वजनकाट्यावर उभं केलं, आकडा चढलेला नाही हे बघितलं आणि खुर्च्या ठेवून घेतल्या.