मंगळापल्याडचा कायदा

लोहाऱ्यात रुद्रम्माएवढी बोलघेवडी बाई शोधून सापडली नसती. निजामाच्या अमलात भले भले दबकून बोलायचे, हिला मात्र कशाचंच भ्या नव्हतं. नवरा वारला, ती माहेरी आली, तरी तोंडाचा पट्टा काही थांबला नाही. पण भावाच्या लेकीचं बारसं ठरलं आणि बाई एकदम गप्प झाली.

थोरल्या चुलतीनं, गंगम्मानं, निकालच देऊन टाकला होता. "नाव ठेवायला दुसरी आत्या बोलवा. रुद्रम्मा विधवा बाई, तिनं पाळण्याला हात लावायचा न्हाय."

आता तुम्हीच सांगा, ही पोर झेलली कुणी? भावजय महादेवीला माहेरी निघायच्या आधीच कळा आल्या. सुईण परगावी. रुद्रम्मानं पदर खोचला आणि सगळं निभावलं. तेव्हा चाललं, आणि नाव ठेवायला चालंना! जळ्ळं मेलं ते शास्त्र.

भाऊ वीरप्पा हैदराबादच्या वेधशाळेत कारकून. बारशासाठी रजा काढून आला आणि बायका पाळणा सजवत होत्या तिथंच आभाळाच्या गप्पा हाणत बसला. मंगळ अन् गुरूच्या मधी म्हणे लहान लहान ग्रहांचा पट्टाच हाय. त्यात एका परदेशी साहेबाला नवा ग्रह घावला. आधी त्याला नुसता आकडा दिला. फिरायची वाट पक्की कळली, मग नाव ठेवलं.

"कुणी ठेवलं? त्याच्या आत्यानं?" बायका खिदळल्या.

"न्हाय. ज्यानं पहिल्यांदा हुडकला, त्याचा मान. साऱ्या जगात हाच कायदा."

रुद्रम्मा चुलीपाशी पुरण घोटत होती. ती तशीच उठून आली.

"वीरू, त्या साहेबाला कुणी इचारलं का रं, तुझी बायको जित्ती हाय का मेली?"

"असलं कोण इचारतंय, अक्का?"

"मग तुझ्या लेकीला पहिल्यांदा कुणी बघितलं?"



"आभाळातला धोंडा येगळा, घरातली पोर येगळी!" गंगम्मा कडाडली.

महादेवी सासरी कधी मान वर करून बोलली नव्हती. आज बोलली. "काकू, तुमी रागवा. पर माझी पोर अक्कांच्या हातात आली. नाव त्याच ठेवतील, न्हाय तर ती बिननावाची ऱ्हाईल."

"तवर तिला बी आकडाच देऊ," वीरप्पा म्हणाला.

सगळ्या बायका फिसकन हसल्या. गंगम्मानं ओठ दाबून धरले, पण हसू काही दबलं नाही. "जा गं बाई, ठेव एकदाचं नाव," ती म्हणाली.

रुद्रम्मा हात धुऊन पाळण्यावर वाकली आणि पोरीच्या कानात 'शिवकांता' म्हणाली. कुर्रऽऽ झालं आणि रिवाजाप्रमाणं आत्याच्या पाठीत धपाटे बसायला लागले. पहिला धपाटा गंगम्माचा. नवरा गेल्यापासून कुठल्याच कार्यात कुणी रुद्रम्माला शिवलं नव्हतं. डोळ्यांतून घळाघळा पाणी येत होतं आणि बाई हसत होती.

"मारा गं, मारा! हळू कशापायी मारताय?"